विटलेले भित्तिलेख : कर्वेनगरच्या निमित्ताने रंगविलेल्या जाहिरातींच्या लिपीचा व भाषेचा विचार

१. विषयप्रवेश

मराठी भाषेच्या इतिहासाची साधने सांगताना शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी, मोडी कागदपत्रे आणि छापील ग्रंथ असा क्रम लावण्याची रूढी आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला आणि दगडावरील मराठीच्या अभ्यासास भक्कम आधार मिळाला. लेखाचे स्थळ, त्याची दिशा, अक्षरांचे वळण, शब्दांची रूपे आणि त्यांवरून ठरणारा काळ ह्या सर्वांची छाननी कशी करावी, ह्याचा वस्तुपाठच त्या ग्रंथात आहे. हीच छाननी भिंतीवर रंगाने काढलेल्या लेखांस मात्र क्वचितच लावली जाते. दुकानाच्या माथ्यावरील पाटी, घराच्या आडभिंतीवरील विडीची वा दंतमंजनाची जाहिरात, कुटुंबनियोजनाचे वाक्य, लग्नघराच्या दाराशी काढलेली वधूवरांची नावे, ह्या सर्व गोष्टी वाचल्या जातात आणि विसरल्या जातात.

रंग फिकट होऊन अर्धवट वाचता येणाऱ्या अशा जाहिरातींस इंग्रजीत ‘घोस्ट साइन’ म्हणजे भुताची पाटी म्हणतात. मराठीत कापडाचा किंवा भिंतीचा रंग उतरला की तो ‘विटला’ असे म्हणतात. त्यावरून ह्या लेखांस ‘विटलेले भित्तिलेख’ म्हणणे सोयीचे होईल. हे लेख विसाव्या शतकातील सार्वजनिक मराठी लेखनाचा एक मोठा आणि बऱ्याच अंशी कालनिश्चिती करता येण्याजोगा पुरावा आहेत. छापखान्यातील मुद्रितशोधकाच्या हाताखालून न गेलेली मराठी त्यांत सापडते. हा पुरावा पाहता पाहता नाहीसा होत असल्यामुळे त्याची नोंद घेण्याची पद्धती ठरविणे हे आजचे काम आहे.

२. कर्वेनगर : नावाचे थर

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीकाठी असलेले कर्वेनगर ह्या दृष्टीने लक्ष देण्याजोगे आहे, कारण येथे गावाच्या नावाचेच थर आहेत. जुने गाव हिंगणे बुद्रुक; नदीपलीकडे हिंगणे खुर्द. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही विशेषणे अनुक्रमे मोठा व लहान अशा अर्थाच्या ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’ ह्या फार्सी शब्दांवरून आली असून महाराष्ट्रातील शेकडो जोडगावांच्या नावांत ती टिकून आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास एका झोपडीत नेला. १९१६ साली महिला विद्यापीठाचा आरंभही येथेच झाला. त्याचे मुख्य ठाणे पुढे १९३६ मध्ये मुंबईस गेले. १९५८ मध्ये भारतरत्न हा किताब मिळालेल्या अण्णासाहेबांचे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी निधन झाले. त्यांच्या नावावरून गावास कर्वेनगर हे नाव रूढ झाले आणि ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ ही ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ झाली.

अशा गावात पाटीवरील पत्ता हाच कालदर्शक ठरतो. ‘हिंगणे’, ‘हिंगणे बुद्रुक’, ‘कर्वेनगर (हिंगणे)’ आणि नुसते ‘कर्वेनगर’ ही चार रूपे केवळ पर्याय नव्हेत. जुने नाव सांगितल्यावाचून पत्ता लागत नसे त्या काळातील पाटीवर ते नाव कंसात येते. नवे नाव अंगवळणी पडल्यावर कंस गळतो. गावठाणातील जुनी घरे, त्यांच्या भोवती उठलेले बंगले व सहकारी गृहरचना संस्थांच्या इमारती आणि अलीकडचे उंच मनोरे अशी वस्तीची जी वाढ झाली, तिच्यातील प्रत्येक टप्प्यास आधीच्या टप्प्याच्या भिंती खर्ची पडल्या. पुनर्विकासाचा करार झाला की इमारतीबरोबर तिच्या अंगावरील अक्षरेही जातात.

३. भिंत, रंग आणि हवा

भित्तिलेखाचे आयुष्य त्याच्या रंगद्रव्यांवर अवलंबून असते. खेड्यांतील व जुन्या पेठांतील भिंतींवर आधी चुन्याचा हात देऊन त्यावर गेरू, पिवडी, काजळी आणि नीळ ह्या स्वस्त द्रव्यांनी लिहीत. रंग धरून राहावा म्हणून त्यांत डिंक किंवा सरस घालीत. दुकानांच्या लाकडी व पत्र्याच्या पाट्यांसाठी, तसेच अधिक पैसा देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या भिंतीसाठी अळशीच्या तेलातील रंग आणि पुढे डब्यात मिळणारे तयार तेलरंग वापरात आले. गेरू व पिवडी ही लोहाची संयुगे आणि काजळी हा कार्बन असल्यामुळे उन्हाने त्यांचा रंग सहसा उडत नाही. भडक गुलाबी, जांभळे आणि काही तांबडे कृत्रिम रंग मात्र थोड्याच वर्षांत फिके पडतात. तेलरंगातील तेल उन्हाने झिजले म्हणजे रंग भुकटीसारखा हाताला लागू लागतो. परिणामी एकाच जाहिरातीतील काळी बाह्यरेषा शिल्लक राहते आणि आतील रंग जातो. जे अक्षर आज पोकळ दिसते ते मुळात भरीव असू शकते, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याचा पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे त्या दिशेस तोंड असलेल्या उघड्या भिंती लवकर धुपतात आणि शेजारच्या घराच्या आडोशास असलेल्या भिंती अधिक काळ लेख राखतात. शेजारचे घर पाडले जाते तेव्हा कित्येक वर्षे झाकलेली जाहिरात एकाएकी उघडी पडते. परंतु त्याच क्षणापासून तिची झीजही सुरू होते. जुन्या लेखावर चुना देऊन नवा लेख काढलेला असल्यास वरचा थर झिजून खालचा दिसू लागतो आणि दोन्ही लेख एकमेकांत मिसळतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस पुसून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांची जी अडचण येते तीच येथे येते, आणि उपायही तोच : थर वेगळे करून प्रत्येकाचे वाचन स्वतंत्र नोंदविणे.

४. कालनिश्चितीची साधने

भित्तिलेखावर तिथी क्वचितच असते. तरीही लेखातील अंतर्गत खुणांवरून त्याचा काळ बराच जवळ आणता येतो. ह्या खुणा दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांचे बळ सारखे नाही.

पहिला प्रकार राज्यव्यवहारातील बदलांचा. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. ‘आणे’ लिहिलेली किंमत बहुधा त्यापूर्वीची, आणि ‘नवे पैसे’ लिहिलेली किंमत १९५७ ते १९६४ ह्या अल्प काळातील असण्याचा संभव मोठा, कारण १९६४ मध्ये ‘नवे’ हे विशेषण वगळण्यात आले. दशमान वजने व मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येऊन १९६२ च्या सुमारास सक्तीची झाली. शेर, अच्छेर, पावशेर ही मापे त्यानंतर पाटीवरून हटली, बोलण्यात मात्र पुष्कळ काळ राहिली. ‘पुणे ३०’ असा विभागांक टपाल खात्याच्या जुन्या व्यवस्थेचा आहे. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि जुना विभागांक त्याच्या शेवटी बसला; म्हणूनच सदाशिव पेठेचे ‘पुणे ३०’ हे ‘४११०३०’ झाले. कर्वेनगरचा ‘४११०५२’ हा अंक ज्या पाटीवर मूळ हाताने लिहिलेला आहे, ती पाटी १९७२ पूर्वीची असू शकत नाही. भारतात भ्रमणध्वनी १९९५ साली आला. दहा अंकी क्रमांक ही त्यानंतरची खूण होय. तंबाखूच्या पदार्थांच्या जाहिरातींस २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली व ती १ मे २००४ पासून अमलात आली. त्यामुळे महाराष्ट्रभर भिंतींवर दिसणाऱ्या विड्यांच्या व जर्द्याच्या जाहिराती सामान्यतः त्या दिवसापूर्वीच्या समजाव्या लागतात.

कुटुंबनियोजनाचा तांबडा त्रिकोण हीदेखील अशीच खूण आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे चिन्ह देशभर पसरले. त्याच्या जोडीस आई, वडील, मुलगा व मुलगी असे चार हसरे चेहरे आणि दोन किंवा तीन मुले पुरेत अशा आशयाचे वाक्य असे. दोन किंवा तीन ही संख्या पुढे दोनवर आली. तेव्हा वाक्यातील संख्येवरूनही लेखाचा टप्पा ओळखता येतो.

दुसरा प्रकार शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडून एकूण नियम अठरा झाले. ‘येथें’, ‘पुणें’, ‘दुकानांत’ अशी रूपे दिसली की पाटी १९६२ पूर्वीची मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जुन्या शाळेत शिकलेला रंगकर्मी नियम बदलल्यावरही हाताच्या सवयीने अनुस्वार देतच राहतो, आणि पाटी पुन्हा रंगविताना जुनी अक्षरे जशीच्या तशी गिरविली जातात. उलटपक्षी अनुस्वार नाही म्हणून पाटी नंतरची, असेही म्हणता येत नाही. घाईने लिहिणारे पूर्वीही टिंबे गाळीत. ‘अि’, ‘अु’ अशी अ-ची बाराखडी वापरणारी पाटी आढळल्यास तिचा संबंध सावरकरांच्या लिपिसुधारणेच्या प्रचाराशी आणि ‘किर्लोस्कर’ मासिकासारख्या नियतकालिकांनी त्या वळणास दिलेल्या आश्रयाशी जोडता येईल. परंतु ती खूणही सवयीची आहे, हुकुमाची नव्हे.

ह्यावरून एक नियम मांडता येतो. नव्या गोष्टीचे अस्तित्व हा बळकट पुरावा, कारण ती अस्तित्वात येण्यापूर्वी लिहिली जाऊ शकत नाही. जुन्या गोष्टीचे अस्तित्व हा दुबळा पुरावा, कारण जुने मागे रेंगाळते. पिनकोड आणि अनुच्चारित अनुस्वार एकाच पाटीवर असतील तर पाटी १९७२ नंतरची आणि लिहिणारा हात त्यापूर्वी घडलेला, असा निष्कर्ष काढावा. असा लेख भाषेच्या अभ्यासकास विशेष मोलाचा, कारण नियम आणि सवय ह्यांमधील अंतर त्यात मोजता येते.

५. भिंतीचे व्याकरण

‘जाहिरात’ हा शब्द उघड, दृश्य अशा अर्थाच्या अरबी ‘जाहिर’ ह्या शब्दावरून फार्सीच्या वाटेने मराठीत आला. चार लोकांच्या दृष्टीस पडणे हा त्याचा मूळ अर्थ वृत्तपत्रातील मजकुरापेक्षा भिंतीलाच अधिक शोभतो. ह्या दृश्य मराठीचे स्वतःचे व्याकरण आहे.

दुकानाच्या पाटीवर ‘येथे’ हे स्थलवाचक अव्यय प्रथम येते : ‘येथे सायकली दुरुस्त करून मिळतील’, ‘येथे घरगुती जेवण मिळेल’. क्रियापद भविष्यकाळी असून त्याचा अर्थ आश्वासनाचा असतो. दूरच्या भिंतीवरील जाहिरातीस ‘येथे’ म्हणण्याची सोय नाही, कारण माल त्या भिंतीपाशी नसतो. तेथे आज्ञार्थ येतो : ‘वापरा’, ‘मागा’, ‘ओढा’, किंवा ‘सर्वत्र मिळते’ असे स्थलनिरपेक्ष वाक्य येते. पाटी आणि जाहिरात ह्यांतील भेद अशा रीतीने एका अव्ययावर उभा आहे. दुकान उठून गेल्यावर पाटी भिंतीवर राहिली, तर ‘येथे’ तसेच राहते आणि त्याचा निर्देश मात्र रिकामा होतो. विटलेल्या पाट्या वाचताना होणारी चुटपुट पुष्कळशी ह्या अव्ययामुळे होते.

तिसरे रूप निषेधाचे. ‘भिंतीवर जाहिराती लावू नयेत’ ह्या वाक्यात कर्ता नाही. ‘नये’ हे क्रियापद कोणास उद्देशून आहे ते वाचणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे. दारावरील सूचनांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याने हे रूप फार पुढे नेले. चौथे रूप मागणीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, म्हणजे १९५६ ते १९६० ह्या काळात, ‘झालाच पाहिजे’ हे दोन शब्द घोषणेतून भिंतींवर उतरले. त्यांतील ‘च’ हे अव्यय वाक्याचे सारे बळ उचलून धरते. आश्वासन, आज्ञा, निषेध आणि मागणी ह्या चार अर्थांत भिंतीवरील मराठीचा बहुतेक संसार सामावतो. वर्णन तिला परवडत नाही, कारण वाचणारा चालता असतो.

शब्दसंग्रहाच्या बाजूने ‘छाप’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. गाय छाप, घोडा छाप अशा नावांत आधी चित्र आहे, मग शब्द. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अशा समाजात गिऱ्हाईक अक्षरे न वाचता खूण ओळखून माल मागे, आणि भिंतीवरील चित्र ही ती खूण घराघरांत पोचवी. साक्षरता वाढली तसे चित्र लहान आणि अक्षर मोठे होत गेले काय, हे पाहण्यासारखे आहे. थरांवर थर असलेल्या भिंती त्याचे उत्तर देऊ शकतील.

परकीय शब्द व घडविलेले शब्द ह्यांचा झगडाही भिंतीवर दिसतो, परंतु तो ग्रंथांतल्यासारखा तीव्र नाही. ‘केशकर्तनालय’ आणि ‘हेअर कटिंग सलून’ एकाच पाटीवर खालीवर नांदतात. ‘उपाहारगृह’ आणि ‘हॉटेल’ ह्यांचेही तसेच. पहिला शब्द प्रतिष्ठेसाठी, दुसरा गिऱ्हाइकासाठी. ‘रसवंतीगृह’ हा शब्द मात्र पाटीवरून बोलीत उतरून पक्का झाला आहे. इंग्रजी स्वरांच्या लेखनात तर प्रत्येक रंगकर्मी स्वतंत्र : हॉटेल, हाटेल, होटेल, बँक, बॅंक, ब्यांक. ह्यांस अशुद्धे म्हणून बाजूस सारू नये. कोणता स्वर कसा ऐकू आला, ह्याची ती प्रामाणिक नोंद आहे.

६. पेंटर आणि त्याचे अक्षर

‘रंगारी’ हा मराठी शब्द मूळचा कापड रंगविणाऱ्याचा. अक्षरे व चित्रे रंगविणाऱ्यास मराठीने ‘पेंटर’ हा इंग्रजी शब्द घेतला आणि तो केवळ व्यवसायवाचक न ठेवता नावाचा भाग केला. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) हे बाबूराव पेंटर ह्याच नावाने इतिहासात गेले. नाटकांचे पडदे रंगविण्यापासून आरंभ करून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या मूकपटांची चित्रफलके स्वतः रंगविली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ती १९३३ मध्ये पुण्यास आली, आणि तिच्या जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पडदा, चित्रफलक आणि भिंत ही तीन क्षेत्रे त्या काळी एकमेकांस लागून होती आणि हात तेच होते.

मराठी मुद्राक्षरांस जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने १८६९ पासून जे नेटके रूप दिले, ते बोरूच्या तिरक्या टोकाने काढलेल्या बाळबोध अक्षरावर आधारलेले होते. पेंटरचे साधन चपटा कुंचला. त्याने जाड व बारीक रेषा निघतात, परंतु वळण बोरूचे राहत नाही. शिवाय भिंतीची रुंदी ठरलेली असते. दोरी मारून शिरोरेषा आखली की वर वेलांटी व मात्रा, खाली उकार व जोडाक्षरे ह्यांस जागा सोडावी लागते. जोडाक्षर आडवे मांडल्यास ओळ लांबते, म्हणून पेंटर ते एकाखाली एक रचतो. खिळ्यांच्या मर्यादेमुळे छापखान्याने सोडून दिलेली अशी उभी जोडाक्षरे भिंतींवर पुष्कळ काळ जिवंत राहिली. ‘ल’ व ‘श’ ह्यांची मराठी वळणे पेंटरांनी हिंदी वळणांच्या रेट्यातही सांभाळली. ह्या वळणांस राज्यशासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत अधिकृत स्थान दिले.

पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटर आपले नाव लिहितो. ही प्रथा फार जुनी आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात निवडणुकीची रंगविलेली आवाहने अडीच हजारांहून अधिक सापडली आहेत. तेथील एमिलियस केलेर नावाच्या रंगकर्म्याने एका भिंतीवर, हे आपण एकट्याने चांदण्यात लिहिले, अशी नोंद ठेवली. रोमन लेखविद्येने त्या भिंतींची अक्षरशः नोंद केली. म्हणून दोन हजार वर्षांनंतर त्याचे नाव ठाऊक आहे. गेल्या साठसत्तर वर्षांत महाराष्ट्राच्या भिंतींवर लिहिणाऱ्यांची नावे त्यामानाने कितीतरी जवळची आहेत, आणि ती पुसली जात आहेत.

७. नोंदीची निकड

ह्या लेखनप्रकाराचा ऱ्हास तीन कारणांनी झाला. १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाने परवानगीवाचून भिंतीवर जाहिरात लिहिणे अपराध ठरविले. शहराच्या स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकावर छापलेल्या फ्लेक्स फलकाने पेंटरचे काम घेतले. आणि पुनर्विकासाने भिंतच नेली. फ्लेक्स विटतो, परंतु थर ठेवीत नाही. तो उतरविला की मागे काही उरत नाही. दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, अशी तरतूद २०२२ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे पाट्यांवर मराठी वाढली. तिचे अक्षर मात्र संगणकातील मोजक्या वळणांचे आहे.

जुने लेख पुन्हा रंगवून जपावेत असा एक विचार मांडला जातो. तो सद्हेतूचा असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने घातक आहे, कारण नव्या हाताचे वळण जुन्यावर चढते आणि अनुस्वारासारख्या सूक्ष्म खुणा नाहीशा होतात. प्रथम नोंद व्हावी. नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : स्थळ व भिंतीची दिशा, जमिनीपासूनची उंची व अक्षरांची मापे, मजकूर, त्यातील तथाकथित चुकांसह, जसाच्या तसा, गळालेली अक्षरे व अनुमानाने भरलेली अक्षरे ह्यांचा स्पष्ट भेद, दिसणारे थर, रंग, पेंटरचे नाव असल्यास ते, आणि घरमालकाची व हयात पेंटरची तोंडी माहिती. ही माहिती घेताना पेंटरने अक्षर कोणाजवळ गिरविले हे अवश्य विचारावे, कारण वळणांची परंपरा कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही.

हे काम खर्चाचे नाही. भाषाविभागाच्या विद्यार्थ्यांनी एकेक उपनगर वाटून घेतल्यास ते काही सत्रांत उरकण्याजोगे आहे. कर्वेनगरपासून आरंभ करण्यास सबळ कारण आहे : तेथे गावाचे नाव, टपालाचा अंक आणि शुद्धलेखनाचे नियम हे तिन्ही एका पिढीच्या अवधीत बदलले. त्यामुळे एका लहान क्षेत्रात तिन्ही खुणा एकमेकींशी ताडून पाहता येतील. अक्षीच्या शिलालेखाने सुमारे हजार वर्षे वाट पाहिली, कारण तो दगड होता. चुन्यावरील गेरूला तेवढा अवधी नाही.